मांजरीची नखं घरी कापायचं क्लिपर: आठ महिने वापरून झाल्यावर

मागच्या दिवाळीनंतर घेतलं होतं हे, कात्रीसारखं छोटं क्लिपर, १९० रुपयांचं, आणि आता जून लागला म्हणजे आठेक महिने झाले. तेव्हाच रिव्ह्यू टाकला असता तर चुकीचा टाकला असता, कारण पहिला महिनाभर मला वाटत होतं वस्तूच बेकार आहे.

आमची भुरी तीन वर्षांची, घरातच असते. एकदा खिडकीच्या मच्छरजाळीत तिचं नख अडकलं आणि ती तशीच लोंबकळून ओरडून राहिली होती, मी धावत जाऊन सोडवेपर्यंत माझा जीव अर्धा झाला. त्या दिवशी ठरवलं, नखं वेळेवर कापायची. आपलं नेलकटर वापरू नका, मांजराचं नख बाजूने चपटं असतं, ते त्यात दाबलं जाऊन चिरतं. भोकात नख घालून कापायचं ते दुसरं क्लिपर पण आणून पाहिलं होतं, पण भोकात नख जाईपर्यंत ती हात ओढून घ्यायची. हे कात्रीवालं बरं, कुठं कापतोय ते समोर दिसतं.

आता खरी गोष्ट सांगते, क्लिपरपेक्षा सवय महत्त्वाची. मी पहिल्या दिवशीच तिला धरून सगळी नखं कापायला बसले आणि दोन नखांत खेळ संपला, आईच्या हातावर हा एवढा ओरखडा. (ओरखडा आला की साबण लावून नळाखाली १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरला दाखवा, अंगावर काढू नका.) मग क्लिपर कपाटात ठेवलं आणि १५ दिवस नुसता पंजा हातात घ्यायचा, बोटाखालची गादी हलकेच दाबायची, नख बाहेर आलं की सोडायचं आणि एक ट्रीट द्यायची, बस. संध्याकाळी जेवून झोपाळली असली की चांगलं जमतं. डिसेंबरात एक गोष्ट लक्षात आली, मी संत्री सोलून उठले की ती हात लावूच देत नव्हती, आणि आमच्याकडे त्या दिवसांत संत्री म्हणजे रोजचीच, तर आधी हात नीट धुवायचे. मग खराट्याच्या काड्या तिच्याजवळ बसून कट कट कापल्या, त्या आवाजाला कान हलवणं बंद झालं तेव्हा पहिलं नख कापलं.

एकूण नखं १८, पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार. मी एका वेळी तीन-चारच कापते, पाच-सहा दिवसांत फेरी पूर्ण होते, आणि पुढची फेरी दोन-तीन आठवड्यांनी. मागची नखं फार बोथट करत नाही, उडी मारताना तिला लागतात. नखाच्या आत जी गुलाबी रेघ दिसते ना ती जिव्हाळी, तिच्यात रक्त पण असतं आणि दुखतं पण, म्हणून फक्त पुढचं पांढरं आकड्यासारखं टोक घ्यायचं. दिसत नसेल तर मागून मोबाईलचा टॉर्च धरा.

मार्चमध्ये माझ्याकडून एकदा चुकलं. कोणीतरी बेल वाजवली, ती दचकली आणि मागचं एक नख जिव्हाळीत कापलं गेलं. कॉर्नफ्लोअर वाटीत काढून ठेवलेलंच होतं, ते लावून दोन-तीन मिनिटं दाबून धरलं तर रक्त थांबलं, पण तिनं पुढं तीन आठवडे पाय हातात दिला नाही आणि मला परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. फार वाईट वाटलं. तेव्हापासून बेल बंद करूनच बसते.

टॉवेलमध्ये गुंडाळून धरायचं थंडीत ठीक आहे, पण नागपूरच्या मे महिन्यात अजिबात नको, ४५ डिग्रीला आपल्यालाच सहन होत नाही आणि तोंड उघडून धापा टाकायला लागली की ते मांजरासाठी चांगलं लक्षण नाही. सकाळी सहाला कूलरसमोर मांडीवर घेऊन बसते, एवढंच.

क्लिपरबद्दल: पातं अजून चालून राहिलं, पण एप्रिलपासून स्प्रिंग सैल झाली, दर वेळी बोटानं उघडावं लागतं. नखाची कड चिरायला लागली की पातं बोथट झालं समजा आणि सरळ नवीन घ्या. सोबतची नख घासायची फाईल काही कामाची नाही. या किमतीत परत हेच घेईन.

आणि पुढच्या पायाचं आतल्या बाजूचं, वर असतं ते अंगठ्यासारखं नख विसरू नका. ते जमिनीला टेकतच नाही म्हणून झिजत नाही. शेजारच्या काकूंचा बोका म्हाताराय, १३ वर्षांचा, खाजवायच्या पाटीवर आता जात नाही, त्याचं तेच नख वळून पंजाच्या गादीत घुसलं होतं आणि लंगडतो का म्हणून काकू त्याला तेल चोळत बसल्या होत्या. डॉक्टरनं काढून दिलं, जखम भरली. आता दर दुसऱ्या रविवारी मी क्लिपर घेऊन त्यांच्याकडे पण जाते, तो बिचारा भुरीपेक्षा शांत बसतो.