डाव्या सायलेन्सरची काजळी, मेकॅनिकचा निकाल आणि वाकणाऱ्या मुंडीचा बोरस्कोप

सेकंडहँड स्पोर्ट्स कार घेतली, व्ही८, डायरेक्ट इंजेक्शन, मॅन्युअल गिअर, आणि दुसऱ्याच आठवड्यात धुताना लक्षात आलं की डावीकडच्या सायलेन्सरची तोंडं काळीकुट्ट आणि उजवीकडची फडका मारला की लख्ख. विकणाऱ्याने दाखवायच्या दिवशी दोन्हीकडे पॉलिश मारून ठेवलं असणार, आणि मी तेव्हा सीटची शिलाई बघत बसलो होतो. मेकॅनिकला दाखवलं तर त्याने बोट फिरवलं, बोट बघितलं आणि म्हणाला, साहेब त्या साइडचे बोअर गेले, इंजिन उतरवावं लागेल. (बोअर म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, ज्याच्या भिंतीला घासत पिस्टन वर-खाली होतो.) बोनेट पण उघडलं नाही हो! म्हटलं एवढ्या मोठ्या कामाला हो म्हणायच्या आधी आत डोकावून तरी बघू, म्हणून हा बोरस्कोप घेतला, म्हणजे प्लगच्या भोकातून आत घालायचा केबलवरचा छोटा कॅमेरा.

आधी वस्तूबद्दल. ६ मिमीची मुंडी, लीव्हरने दोन दिशांना वाकते, स्वतःची स्क्रीन आहे. माझ्याकडे आधी मोबाइलला जोडायचा साधा ५.५ मिमीचा होता, त्यात फक्त समोरचं दिसतं म्हणजे पिस्टनचा माथा दिसतो आणि संपलं. बोअरची भिंत बघायला टोकावर आरसा अडकवायचा, तो आरसा एकदा प्लगच्या भोकाकडे नेता नेताच सुटून बंपरवर पडला. आत पडला असता तर मेकॅनिकचं भाकीत मीच खरं केलं असतं. त्यामुळे बोअर बघायचे असतील तर वाकणारी मुंडी किंवा बाजूला लेन्स असलेलाच घ्या, आरसेवाला सीटखाली पडलेला स्क्रू शोधायला ठेवा.

पण खरं सांगू, स्कोप हातात यायच्या आधी जे फुकटात कळतं ते पहिलं बघा, मी उलटं केलं आणि एक अख्खी रात्र झोप घालवली. काजळी कोरडी आहे की चिकट? कोरडी, पावडरसारखी, फडक्याने सहज निघणारी असेल तर बहुतेक पेट्रोल जास्त जळतंय. ओली, तेलकट, बोटाला चिकटणारी असेल तर गाडी ऑइल खातेय अशी शंका घ्यायची, सोबत निळसर धूर असेल तर जास्तच. आणि डायरेक्ट इंजेक्शनमध्ये थोडी कोरडी काजळी असतेच, कारण पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडतं आणि त्यातलं काही पिस्टनला, भिंतीला लागून नीट हवेत मिसळायच्या आत जळतं, त्यात थंड इंजिनवर छोट्या छोट्या फेऱ्या मारल्या की अजून वाढतं. दुसरं म्हणजे गाडीखाली वाकून दोन्ही बाजूंचे पाइप मध्ये जोडलेत का ते बघा. जोडलेले असतील तर डावं-उजवं तुलनेला फारसा अर्थ नाही. काही स्पोर्ट्स सायलेन्सरमध्ये झडपा असतात त्या हळू चालवताना काही तोंडं बंदच ठेवतात, मग उघडी तोंडं काळी होणारच. माझ्या गाडीत दोन्ही बाजू अगदी वेगळ्या निघाल्या म्हणजे डावीकडे काहीतरी होतं हे नक्की.

ही एका बाजूच्या काळ्या पाइपची भीती आली कुठून तर पोर्शच्या एम९६ आणि एम९७ इंजिनांवरून. त्यात ४ ते ६ नंबरच्या सिलिंडरच्या भिंतींना उभे ओरखडे पडायची तक्रार जगभर माहितीये आणि एक पाइप जास्त काळा हे त्याचं ओळखीचं लक्षण. तिथे गंमत अशी की ओरखडे पडले तरी पिस्टनच्या रिंगा बऱ्याचदा सील धरून ठेवतात आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडर किती दाब धरतो ती तपासणी) पास होते, म्हणून आत बघण्याला पर्याय नाही, आणि त्या आडव्या इंजिनात तर प्लगच्या भोकातून भिंतीचा खालचा भाग नीट दिसतच नाही, खालून ऑइलचं चेंबर उघडून बघावं लागतं. माझी गाडी वेगळ्या घराण्यातली, पण भीती काय, कुठल्याही गाडीत बसते.

आता वापर. इंजिन पूर्ण गार पाहिजे. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात आधी हवा मारा, नाहीतर तिथली माती सरळ आत जाते. प्लग क्रमाने ठेवा, सगळे एका डब्यात टाकले तर अर्धी माहिती तिथेच गेली. स्कोप आत असताना स्टार्टर चुकूनही मारायचा नाही, पिस्टन खाली न्यायचा तर क्रँकच्या बोल्टला रॅचेट लावून हाताने.

पहिल्यांदा ७ नंबरमध्ये बघितलं आणि पोटात गोळाच आला. भिंतीवर उभ्या पांढऱ्या रेघा, चांगल्या बोटभर लांब, फोटो काढून झूम करत बसलो. दुसऱ्या दिवशी कळलं की यातल्या अर्ध्या रेघा लाइटच्या होत्या, फुल ब्राइटनेसवर ओली भिंत इतकी चमकते की ओघळसुद्धा ओरखडा वाटतो. लाइट सगळ्यात कमी करून, मुंडी जरा लांब धरून बघितल्यावर (अगदी जवळ नेली की फोकस जातो, हा स्कोपचा दोष आहे आणि डब्यावर कुठेच लिहिलेला नाही) राहिल्या त्या दोन-तीन बारीक रेघा, आणि त्यांच्या खालून होनिंगची, म्हणजे भिंतीवर ऑइल टिकावं म्हणून कारखान्यातच घासून केलेली, तिरकी जाळी स्पष्ट दिसत होती. जाळी शाबूत म्हणजे झीज वरवरची. काळपट, रुंद, जाळी पुसून टाकणारे पट्टे दिसले तर मात्र खरंच इंजिन उतरवायची वेळ. अजून एक त्रास, आत गेल्यावर वर-खाली काही कळत नाही, शेवटी मी केबलवर पांढरी टेप लावली आणि ती कायम रेडिएटरकडे ठेवली तेव्हा फोटो एकमेकांशी जुळायला लागले.

आणि एवढं करून उत्तर दिलं प्लगनेच. डावीकडच्या चारपैकी तीन प्लग फिक्कट तपकिरी आणि ७ चा कोरडा काळा, तेलाचा मागमूस नाही. ओबीडी (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारा स्कॅनर) लावला तर डाव्या बँकचा, म्हणजे त्या बाजूच्या चार सिलिंडरचा, लाँग टर्म ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) आयडलवर उणे १४ टक्के, आरपीएम चढवला की शून्याकडे सरकतो. म्हणजे कॉम्प्युटर त्या बाजूचं पेट्रोल सारखं कमी करतोय कारण कुठूनतरी जास्तीचं येतंय, आणि आयडलला जास्त जाणवतं म्हणजे गळका इंजेक्टर (सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारा नोझल). डिपस्टिकचा वास घेतला तर पेट्रोल! मग रेघांचाही उलगडा झाला, गळणारं पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतं आणि रिंग कोरडी घासते. म्हणजे मेकॅनिक झिजेमुळे काजळी म्हणत होता, इथे एकाच गळतीने काजळीही केली आणि थोडी झीजही, अजून वर्षभर तशीच चालवली असती तर तो बरोबर ठरला असता.

खात्रीसाठी लीक-डाउन टेस्ट करून घेतली, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती टक्के गळते ते बघायचं. बाकीचे सिलिंडर ६-७ टक्के, ७ नंबर ९. साधारण दहाच्या आत असलं की चिंता नाही, वीसच्या वर गेलं की कान लावून हवा कुठून जाते ते ऐकायचं, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट वॉल्व्ह.

स्कोपला पाचपैकी साडेतीन. चित्र चांगलं, मुंडी हवी तिथे थांबते, पण लीव्हर महिन्याभरातच सैल पडलाय आणि कुठली रेघ किती खोल हे काही तो सांगू शकत नाही. फक्त स्कोपच्या फोटोवर कोणी इंजिनाचा निकाल देत असेल तर प्लग दाखवा म्हणायचं, ट्रिम विचारायचे.

इंजेक्टर बदलला, ऑइल-फिल्टर लगेच बदलला, पेट्रोल मिसळलेलं ऑइल ठेवण्यात अर्थ नव्हता. दोन टाक्या संपल्यावर परवा धुताना दोन्हीकडे बोट फिरवलं. अजून काळं होतंच, पण आता डावं-उजवं सारखंच काळं.