कॅटन: शनिवारची रात्र वसूल

काल जेवणं उरकून आम्ही चौघं कॅटन मांडून बसलो, उठलो तेव्हा साडेबारा वाजले होते. क्लाउस टॉयबर यांचा हा १९९५चा जर्मन बोर्डगेम. १९ षटकोनी तुकड्यांचं बेट, आधी १० गुण करील तो जिंकला. खरी रंगत मालाच्या पत्त्यांच्या देवघेवीत! "एक मेंढी घे, दोन विटा दे," मैत्रिणीची घासाघीस थेट मंडईतली. माझ्या हातात नऊ पत्ते, पुढच्या डावाला शहर नक्की, आणि फाशांवर सात पडले. चार पत्ते गेले, वर चोराची सोंगटी माझ्याच गव्हाच्या शेतावर येऊन बसली. जीव हळहळला. नवख्यांना पहिली दोन घरं कुठे बांधायची ते नीट समजावून सांगा. तिथे चुकलं की तासभर नुसतं बघत बसावं लागतं. तिघं-चौघं असाल तर डोळे झाकून घ्या.