अ‍ॅनिमल फार्म, १२० रुपयांवाली कॉपी : पाच महिने वापरून

जॉर्ज ऑर्वेलच्या ह्या कादंबरीची गोष्ट (प्राणी मालकाला हाकलून शेत ताब्यात घेतात, मग डुकरंच मालक होऊन बसतात) सगळ्यांना माहितीये, ती सांगत बसत नाही. मला बाइंडिंगबद्दल बोलायचंय.

ऑनलाइन १२० ला घेतलं, ठाण्याहून सीएसएमटीला जाताना स्लो लोकलमध्ये वाचायला. पातळ आहे, एका हातात मावतं. नवव्या दिवशी मुलुंडला दाराशी उभा होतो तर वाऱ्याने दुसऱ्या प्रकरणातलं एक पान सुटलं आणि गेलं रुळांवर. पान कुठलं? ज्याच्यावर प्राण्यांचे भिंतीवर रंगवलेले ते सात नियम आहेत तेच! बाकी पुस्तक शाबूत.

कस्टमर केअरला फोन केला. घेताना "१० दिवसांत रिटर्न" एवढंच होतं, मी वाचूनच घेतलेलं. आता बाई म्हणाल्या, सर नीट बघा, आणि अ‍ॅपवर खरंच पुढे "पॅकिंग उघडलेलं नसल्यास" असं होतं. स्क्रीनशॉट काढला नव्हता, बसलो बोंबलत. त्या दिवशी एक स्टार दिला.

मग चिडून पुढे वाचत गेलो आणि सहाव्या प्रकरणात हसायला आलं. डुकरं घरात पलंगावर झोपायला लागतात, क्लोव्हर घोडीला पक्कं आठवतं की हे चालत नाही, पण तिला धड वाचता येत नाही म्हणून ती शेळीला भिंतीपाशी नेते, तर नियमात "चादर घालून" झोपू नये असं असतं. मीही मागे जाऊन बघायला गेलो, तर पानच नाही. क्लोव्हर आणि मी एकाच बाकावर. चार स्टार केले.

शेवट सोडला तर नियम कोणी खोडत नाही हो, शेपटाला दोन शब्द जोडतात. दारू पिऊ नये, "जास्त". दुसऱ्या प्राण्याला मारू नये, "कारणाशिवाय". स्क्विलर (म्होरक्या डुक्कर नेपोलियनचा चेला) मध्यरात्री शिडीवरून पडतो, बाजूला ब्रश आणि पांढऱ्या रंगाचा डबा, तरी कोणाच्या डोक्यात प्रकाश पडत नाही. कळतं फक्त बेंजामिन गाढवाला, आणि तो गप्प! मला नेपोलियनपेक्षा ह्याचाच जास्त राग, कारण ह्याला वाचता येतं. (खरे प्रकाशकही गप्पच होते, पुस्तकात टोला रशियाच्या स्टालिनला, आणि १९४४ ला तो इंग्लंडचा दोस्त ना, मग पुस्तक यायला १९४५ चा ऑगस्ट उजाडला.)

हे सगळं बायकोला तावातावाने सांगितलं तर ती म्हणाली, आणि तू काय केलंस? आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत लिफ्टशेजारी बोर्ड आहे, "गच्चीवर कार्यक्रम करू नयेत". चेअरमनच्या नातवाच्या वाढदिवसाला त्याच्याखाली निळ्या पेनाने "परवानगीशिवाय" आलं. मी वाचलं, वर गेलो, केक खाल्ला. दोन पीस.

एक स्टार कापला. तो गाढवामुळे की गोंदामुळे, माझं मलाच सांगता येत नाही, तीन राहू दे.

ते पान मित्राच्या कॉपीवरून झेरॉक्स करून फेव्हिकॉलने चिकटवलंय. दोन रुपये झाले, म्हणजे किंमत १२२ धरा.