टपालाने आलेली ऑर्किड : रोपे उत्तम, सोबतचा संच मात्र खारपाणपट्ट्याच्या उपयोगाचा नाही

गेल्या वर्षी जुलैत केरळमधील एका रोपवाटिकेकडून मी दोन डेंड्रोबियम, दोन फॅलेनॉप्सिस आणि एक वांडा अशी पाच ऑर्किडची रोपे घरपोच मागवली. घरपोच म्हणजे दर्यापूरपर्यंत. तेथून गावात पार्सल आणले ते दुधाच्या गाडीवाल्याने. टपालखर्च धरून रोपांचे १,९५० रुपये झाले आणि कुंड्या भरण्याच्या संचाचे ३५० रुपये वेगळे पडले. खोके उघडले त्याच दिवशी अभिप्राय लिहिला असता, तर त्यात नुसते कौतुकच उतरले असते. म्हणून एक उन्हाळा जाऊ दिला.

पॅकिंगला नाव ठेवायला जागा नाही. मुळांभोवती ओलसर मॉस, त्यावर वर्तमानपत्राची गुंडाळी आणि प्रत्येक रोप खोक्याच्या तळाला चिकटपट्टीने बांधलेले होते. सहा दिवसांच्या प्रवासात एका डेंड्रोबियमची दोन पाने पिवळी पडली, एवढेच नुकसान झाले.

संचात जाळीदार प्लास्टिकच्या चार इंची कुंड्या, स्फॅग्नम मॉसची वडी, थोडा कोळसा, नारळाच्या सालीचे तुकडे आणि सूचनांचा कागद होता. कुंडी मॉसने भरावी आणि मॉस कोरडे लागले की पाणी घालावे, असे त्या कागदात सांगितले होते. जेथे पाणी गोडे आणि हवा दमट आहे, तेथे हे योग्यच असेल. आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात आहे आणि आमच्या बोअरच्या पाण्यात डाळसुद्धा नीट शिजत नाही. मॉस स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते. त्यातले पाणी उडून जाते, पण क्षार तेथेच साचतात आणि दर पाण्यागणिक वाढत जातात. सूचनांप्रमाणे भरलेल्या दोन कुंड्यांमध्ये दीड महिन्यातच मॉसवर पांढरी खपली धरली आणि नव्या मुळांची हिरवी टोके काळी पडली. त्यांतील फॅलेनॉप्सिस पुढे गेलेच. त्याला दुसरेही एक कारण होते. रोपवाटिकेत लहानपणी ज्या मॉसच्या घट्ट गोळ्यात ते वाढवले होते, तो गोळा मुळांच्या पोटात तसाच राहिला होता. वरून सारे कोरडे दिसत असताना आत तो ओलाच राहत होता आणि मुळे कुजत होती. रोप हाती येताच हा गोळा चिमट्याने मोकळा करून काढावा, हे त्या कागदात पहिल्याच ओळीत असायला हवे होते.

उरलेली रोपे मी आपल्या पद्धतीने लावली. मुळे वीस मिनिटे पाण्यात ठेवली, म्हणजे धड मूळ राखाडीचे हिरवे होते आणि कुजलेले तपकिरी व पिचपिचीत असल्याने लगेच ओळखू येते. कुजलेला भाग दिव्याच्या ज्योतीवर तापवून निवू दिलेल्या कात्रीने कापला आणि फक्त त्या कापावर दालचिनीची पूड लावली. चांगल्या मुळांना ती लागू देऊ नये, कारण ती त्यांनाही सुकवते. नारळाच्या साली तीन दिवस भिजत घालून, पाण्याचा तांबूसपणा जाईपर्यंत पाणी बदलले. कुंड्या गावच्या कुंभाराकडून बाजूंना भोके पाडून करून घेतल्या. पाणी टिकू नये म्हणून कोणी कुंडी करायला सांगते, याचे त्याला फार हसू आले. तळाला विटांचे तुकडे, वर कोळसा आणि साल, अशी ती भरली. डेंड्रोबियमच्या जुन्या कांड्या कुंडीच्या काठाला टेकवून नव्या कोंबासमोर जागा मोकळी सोडली आणि रोप काडीला सुतळीने बांधले, कारण हलत्या रोपाच्या मुळांची कोवळी टोके मोडतात. चार दिवस पाणी न घालता फक्त पानांवर फवारा मारला.

पाणी सर्वस्वी पावसाचे वापरले. पहिल्या दोन सरी वाहून जाऊ दिल्यावर टिनाच्या छपराचे पाणी पन्हळीने दोनशे लिटरच्या दोन टाक्यांमध्ये धरले आणि ते मे अखेरपर्यंत पुरले. खतासाठी वेगळे काही मागवावे लागले नाही. कपाशीवर फवारायचे १९:१९:१९ घरात होतेच. नवी मुळे फुटल्यावर ते लिटरला अर्धा ग्रॅम या हिशेबाने पंधरवड्यातून एकदा दिले.

वांडाला कुंडीच दिली नाही. ते पडवीच्या वाशाला तारेने टांगले आहे. त्याच्या लोंबत्या मुळ्या पाहून शेजारच्या काकू म्हणाल्या, "पैसे देऊन बांडगूळ आणलं का गं बाई?" बांडगूळ झाडाचा रस शोषते आणि ऑर्किड झाडाचा केवळ आधार घेते, हे मी त्यांना समजावले. पण काकूंची चूक जुनी आणि प्रतिष्ठित आहे. वांडा हे नाव ज्या संस्कृत 'वंदा' शब्दावरून आले, तोही झाडावर वाढणाऱ्या बांडगुळालाच लावत असत.

मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, तेव्हा सारी रोपे कूलरच्या खोलीत, पण हवेच्या थेट झोताबाहेर ठेवली. वांडाला रोज सकाळी पाण्यात बुडवून काढावे लागले आणि तरीही त्याची खालची तीन पाने गळाली. दोन्ही डेंड्रोबियम, मॉसमधून काढून नव्याने लावलेलेसुद्धा, तगली. त्यांतील एकाला सप्टेंबरमध्ये नऊ फुलांचा तुरा आला. दुसऱ्या फॅलेनॉप्सिसने एक नवे पान काढले आहे, फूल अजून नाही.

गेलेल्या रोपाविषयी रोपवाटिकेला कळवले, तेव्हा दुसऱ्याच दिवशी उत्तर आले आणि नवे रोप अर्ध्या किमतीत देऊ केले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने लिहिलीच पाहिजे. सूचनांचा कागद बदलण्याविषयी मात्र ते काही बोलले नाहीत. रोपांना मी पाचपैकी साडेचार गुण देईन आणि संचाला दीड, तोही जाळीदार कुंड्यांसाठी. त्यांमध्ये सध्या कोथिंबीर लावली आहे. पुढची मागणी जुलैतच, टाक्या भरल्यावर आणि संचाशिवाय नोंदवणार आहे.