किलीफिशची अंडी मागवताय? पिशवी त्याच दिवशी उघडा

टपालाने येणाऱ्या किलीफिशच्या, म्हणजे घरच्या टाकीत पाळायच्या छोट्या रंगीत माशांच्या, अंड्यांच्या नावाखाली काचेचे मणी विकले जात आहेत. मला विकले गेले, आणि माझ्यानंतर ओळखीतल्या आणखी दोघांना तशाच पिशव्या आल्या. हा शौक करणारे लोक थोडे आणि रक्कमही अशी की तिच्यासाठी कुणी पोलीस ठाण्याची पायरी चढत नाही. त्यामुळे विकणाऱ्याचं फावतं आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मी इंदुरात राहते आणि घरी बरीच वर्षं गार्डनेरी किलीची पैदास करते. हा नायजेरिया-कॅमेरूनकडचा मासा. टाकीत लोकरीचा झुपका सोडायचा, त्यात चिकटलेली अंडी बोटांनी वेचायची, पाण्याच्या डबीत ठेवायची, आणि दोन-तीन आठवड्यांत पिल्लं बाहेर येतात. अंडं कसं दिसतं, कसं लागतं, मेलं की कसं पांढरं पडतं, हे मला रोजच्या सवयीने माहीत आहे.

नोथोब्रँकियस (थोडक्यात नोथो) जातीच्या किलींचं गणित वेगळं. पूर्व आफ्रिकेत पावसाळ्यात भरणाऱ्या डबक्यांत ते जगतात. डबकं आटलं की मोठे मासे मरतात आणि अंडी चिखलात राहतात. आतला गर्भ वाढता वाढता थांबतो. या थांबण्याला डायपॉज म्हणतात, आणि तो वाढीच्या तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर येऊ शकतो. पुढचा पाऊस आला की पिल्लं बाहेर. म्हणूनच ही अंडी ओलसर पीटमध्ये (कुजलेल्या शेवाळाच्या मातीत) घालून टपालाने कुठेही पाठवता येतात. झांझिबारच्या गुंथेरी या नोथोच्या अंड्यांना साधारण तीन महिने लागतात, मोझांबिकच्या राचोवीच्या अंड्यांना त्याहून पुष्कळ जास्त.

आता हेच विकणाऱ्याच्या बाजूने बघा. माल खरा की खोटा हे गिऱ्हाइकाला कळायलाच तीन महिने लागणार. तोवर साइटवर पैसे परत मागायची मुदत उलटून गेलेली असते. साड्या विकणाऱ्याला किंवा मोबाइल विकणाऱ्याला एवढी सवलत कुणी देत नाही. आमच्या शौकात ती निसर्गानेच देऊन ठेवली आहे, आणि या माणसाने ती पुरेपूर वापरली.

त्याची जाहिरात एका खरेदी-विक्रीच्या साइटवर होती. मी चौकशी केली तेव्हा तो लगेच मराठीत बोलू लागला. "ताई, आडनावावरून तुम्ही आपल्यातल्याच दिसता. साइटवरून घेऊ नका, कमिशन फुकट जातं. मला सरळ यूपीआय करा, दोन पिशव्यांवर तिसरी भेट देतो." परमुलखात मराठी ऐकू आलं की माणूस सैल होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. गुंथेरीच्या दोन पिशव्या आणि भेट म्हणून फुर्झेरी या आणखी एका नोथोची एक, एकूण १,८०० रुपये.

मला खरी ओढ फुर्झेरीची होती. १९६८ साली रिचर्ड फुर्झर यांना हा मासा झिंबाब्वेच्या गोनारेझू भागात मिळाला आणि त्यांचंच नाव त्याला पडलं. आयुष्य काही महिन्यांचं, त्यामुळे म्हातारपणावर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळांत तो आता जगभर पाळला जातो. मोझांबिकमधल्या डबक्यांत हे मासे अंड्यातून बाहेर आल्यापासून १४ दिवसांत वयात आलेले आढळले, असा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पाठीचा कणा असलेल्या दुसऱ्या कुठल्याही प्राण्यात एवढी घाई नोंदलेली नव्हती. हे आपल्या घरात, आपल्या डोळ्यांसमोर घडताना बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

पार्सल आलं ते अगदी नीटनेटकं. थर्मोकोलचा डबा, तीन झिपच्या पिशव्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात माशाचं नाव आणि भिजवायची तारीख. सोबत छापील सूचना: तारखेपर्यंत पिशवी उघडू नये, हवा आणि उजेड लागल्यास डायपॉज बिघडतो, पिशवी उघडल्यास हमी रद्द.

ही सूचनाच या सगळ्या फसवणुकीचा कणा आहे, म्हणून इथे थांबून सांगते. ती खोटी आहे. अंड्यांना प्राणवायू लागतोच. किली पाळणारे लोक मधून मधून पिशवी उघडतात, पीट हलवतात, बुरशी धरलेली अंडी काढतात, डोळे आले का ते भिंगातून बघतात. पीट कोरडं पडू द्यायचं नाही एवढंच पथ्य, मळायला घेतलेल्या तंबाखूइतकी ओल हवी. उघडून बघितल्याने अंडं मरत नाही. उघडू नका असं सांगणाऱ्याला एकच भीती असते, की तुम्ही बघाल.

तारीख थंडीत आली. आमच्याकडे नळाला येणारी नर्मदा साठवून, क्लोरीन उडवून, पाणी १७ अंशांपर्यंत गार केलं. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. नोथोची पिल्लं पहिल्याच दिवशी खायला मागतात, म्हणून आर्टेमियाची (खाद्य म्हणून वापरतात त्या बारीक कोळंबीसारख्या जीवाची) अंडी आदल्या दिवशीच मिठाच्या पाण्यात हवा लावून ठेवली होती. उथळ ट्रेमध्ये पीट ओतलं. सकाळपर्यंत पीट तळाला बसलं होतं. आर्टेमिया नारिंगी ढगासारखा वळवळत होता आणि त्याला खाणारं कुणी नव्हतं. तळाशी मात्र शेकडो पारदर्शक गोल दाणे स्वच्छ दिसत होते.

मी फोटो पाठवले. उत्तर तयारच होतं. "ताई, बघा ना, अंडी किती क्लिअर आहेत, एकही मेलेलं नाही. डायपॉज दोनमध्ये अडकलीत. पीट पिळून परत पिशवीत भरा, महिनाभराने पुन्हा भिजवा."

यातला सल्ला शब्दशः खरा आहे, हे नव्या माणसाने नीट समजून घ्यावं. एकाच खेपेतली सगळी अंडी एकदम तयार होत नाहीत. पहिला पाऊस फसवा निघाला तर वंश बुडू नये म्हणून काही अंडी मागे राहतात, आणि जाणकार लोक पीट पिळून पुन्हा ओलसर ठेवतात आणि महिन्याभराने भिजवतातच. त्याने खऱ्या शास्त्राचा आडोसा घेऊन आणखी एक महिना मिळवला. दुसऱ्यांदा भिजवल्यावरही काही निघालं नाही तेव्हा त्याचा सूर बदलला. नर्मदेचं पाणी कडक आहे, तुमच्या इंदूरला हे मासे व्हायचे नाहीत, म्हणे. नोथो मध्यम कडक पाणी सहज सोसतात. मखमली रोग (अंगावर पिवळट भुकटीसारखा दिसणारा परजीवी आजार) होऊ नये म्हणून त्यांच्या पाण्यात लोक मुद्दाम थोडं मीठ घालतात.

मला खटकत होती ती त्याने गौरवलेली गोष्टच: एकही मेलेलं नाही. इतके महिने ओल्या पीटमध्ये राहून एकही अंडं पांढरं पडत नाही, एकालाही बुरशी येत नाही, असं होत नसतं. आणि एवढ्या काळात एकाही अंड्यात डोळा नाही.

सराफ्यात आमच्या ओळखीचे एक वृद्ध सोनार आहेत. चिमूटभर दाणे कागदात बांधून त्यांच्याकडे नेले. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, एक दाणा चिमट्यात धरून उजेडाकडे फिरवला आणि म्हणाले, "अगं, हे काचेचे मणी आहेत. भोक न पाडलेले." मग दाणा ऐरणीवर ठेवून लहान हातोडीने टोला मारला. कच् असा आवाज आला आणि पांढरा चुरा झाला. ओल नाही, काही नाही. भिंगातून मी पाहिलं तेव्हा एका मण्याच्या पोटात हवेचा बारीक बुडबुडा अडकलेला होता. तोच बुडबुडा फोटोत तेलाचा थेंब म्हणून खपून जातो.

तिन्ही पिशव्यांत एकच माल निघाला. ऐरणीवरच्या चुऱ्याचा फोटो पाठवला त्या रात्रीपासून त्याचा नंबर बंद आहे.

किलीचं खरं अंडंही बोटाला कडक लागतं, त्यामुळे नुसतं दाबून फरक कळत नाही. नोथोचं अंडं सुमारे एक मिलिमीटरचं असतं. स्टीलच्या ताटलीत चार दाणे टाका. काच टणटणते, अंड्याचा आवाज होत नाही. एक दाणा सुईने फोडून बघा, अंड्यातून द्रव येतो. खालून मोबाइलचा उजेड आणि वरून दहापट भिंग धरलं तर ताज्या अंड्यात पिवळसर झाक आणि तेलाचे बारीक थेंब दिसतात, आणि तयार अंड्यात सोनेरी कड्याचे दोन काळे डोळे टक्क बघत असतात. सगळे दाणे एका मापाचे, एका रंगाचे, स्वच्छ असले तर ती अंडी नव्हेत. हे सगळं पार्सल आलं त्याच दिवशी, डबा उघडतानाच्या चित्रीकरणासकट करा.

पैसे देण्याआधी विकणाऱ्याला त्या माशांची वस्ती, म्हणजे ते मुळात कुठल्या ठिकाणचे, ते विचारा. किलीवाले वेगवेगळ्या ठिकाणची वंशावळ मिसळू देत नाहीत, त्यामुळे प्रामाणिक माणसाच्या लेबलावर नावापुढे ठिकाण किंवा संकेत असतो, फुर्झेरीसाठी जीआरझेड किंवा एमझेडएम ०४१० असा काहीतरी, आणि अंडी गोळा केल्याची तारीखही असते. माझ्या पिशव्यांवर फक्त भिजवायची तारीख होती. नर-मादीच्या टाकीशेजारी आजचं वर्तमानपत्र धरून फोटो मागा. शंभर टक्के पिल्लांची हमी देणाऱ्याकडून घेऊच नका. अंडी मागे का राहतात हे वर लिहिलंच आहे, तशी हमी कुणालाच देता येत नाही.

जिवंत माशांतही फसवतात. वडोदऱ्याच्या एका स्नेह्यांना आफ्रिकेतली दुर्मीळ जोडी म्हणून गोल्डन वंडर पाठवले गेले. ती आपल्याच देशातल्या पट्टेरी किलीची पिवळी पैदास आहे आणि साध्या दुकानातही मिळते.

तक्रारीचं सांगते. बँकेने हात वर केले, पैसे तुम्हीच पाठवलेत म्हणून. १९३० या सायबर हेल्पलाइनवर पहिल्या काही तासांत फोन गेला तर रक्कम रोखली जाण्याची शक्यता असते. इथे महिने गेले होते, तरी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. पण समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि साइटबाहेर पैसे घेण्यामागे त्याचा हेतू तोच होता. साइटवरच व्यवहार केला तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यावा लागतो. दोनशे रुपये जास्त गेले तरी तिथेच घ्या, आणि पिशवी लगेच तपासून मुदतीत तक्रार करा.

ज्यांच्याकडे अशी पिशवी पडून असेल त्यांनी पीट टाकून देऊ नये आणि कुरिअरची पावती तर अजिबात नाही. आम्हा तिघांच्या पावत्यांवर पाठवणाऱ्याची नावं तीन वेगवेगळी आहेत, पण बुकिंगच्या शाखेचा शिक्का एकच आहे. तिन्ही पावत्यांच्या प्रती मी तक्रारीला जोडल्या आहेत. चौथी कुणाकडे असेल तर तिच्यावरचा शिक्का आधी बघा आणि तुमच्या तक्रारीत तो आवर्जून नोंदवा.