रोममधली चर्चेस बघायला जाताय? रस्त्यावर कुणाकडूनही पास घेऊ नका

रोममध्ये एक अख्खा दिवस फक्त जुनी चर्चेस बघायची असं ठरवून आई-बाबांना घेऊन निघालो होतो आणि सकाळीच आम्हा चौघांचे मिळून 140 युरो गेले. आपल्याकडचे भरपूर लोक हल्ली तिकडे जातात, बरोबर वयस्कर माणसं दिसली की रस्त्यावर खोटे पास विकणारे हे लोक बरोब्बर हेरतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

मेट्रोतून उतरून व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स या मोठ्या चर्चकडे चालत होतो तर गळ्यात आयकार्ड घातलेला एक जण "नमस्ते, नमस्ते" करत आला. कार्डवर पोपच्या दोन चाव्यांचं चिन्ह होतं, एकदम सरकारी वाटावं असं. म्हणाला लाईन तीन तासांची आहे, मम्मीला उन्हात कुठे उभं करता, माणशी 35 युरो द्या, डायरेक्ट एंट्री, शिवाय याच पासवर पँथिऑन (जुनं रोमन देऊळ, आता चर्च) आणि सांता मारिया माज्जोरे चर्च पण होईल. कार्ड नको, कॅशच. पैसे घेतले आणि आईच्या पदरावर स्वतःच्या हाताने पिवळा स्टिकर चिकटवला, तीच पावती. चौकापर्यंत आणून सोडलं, पुढे लाल छत्रीवाली गाईड भेटेल म्हणाला आणि गेला तो गेलाच. कसली छत्री नि कसली गाईड!

तर ऐका, सेंट पीटर्सच्या आत जायला तिकीटच नाही. ती मोठी रांग असते सिक्युरिटी चेकिंगची, बॅगा मशीनमधून जातात. गार्डने स्टिकरकडे बघितलं आणि नुसतं "फ्री, फ्री" म्हणाला, तेव्हा बाबांचा चेहरा बघवत नव्हता. पोलिसांना सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, पण रोख पैसे, ना नाव ना पत्ता, ते तरी काय करणार.

सांता मारिया माज्जोरेही फुकटच, आत पाचव्या शतकातली मोझेक, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेली चित्रं आहेत आणि 2025 पासून पोप फ्रान्सिस यांची समाधीही तिथेच आहे. पँथिऑनला मात्र जुलै 2023 पासून खरंच तिकीट आहे, सुरू झालं तेव्हा 5 युरो होतं, आमचा पास तिथे अर्थातच चालला नाही. खोट्यात असं थोडं खरं मिसळलेलं असतं ना, म्हणून पटतं.

जिथे पैसे लागतात तिथे ते रस्त्यावर नाही, तिथल्याच काउंटरवर घेतात. सेंट पीटर्सच्या घुमटावर चढायचं वेगळं तिकीट आहे. सान क्लेमेंते चर्चमध्ये वरचं बाराव्या शतकातलं चर्च फुकट आणि खाली उतरायचं तिकीट, तिथे चौथ्या शतकातलं चर्च आणि त्याच्याही खाली मिथ्र या रोमन काळातल्या देवाचं मंदिर आहे, ते पैसे मात्र जरूर द्या. सान लुइजी देई फ्रांचेझी चर्चमध्ये काराव्हाज्जो या प्रसिद्ध इटालियन चित्रकाराची तीन चित्रं फुकट बघायला मिळतात, फक्त त्यावरचा दिवा लावायला पेटीत नाणं टाकावं लागतं, तेव्हा सुट्टे जवळ ठेवा.