सिल्व्हर नीडल की व्हाइट पिओनी: पांढऱ्या चहाचा पहिला डबा कुठला घ्यावा?

चिनी पांढरा चहा घ्यायचं ठरवलं की निवड शेवटी दोघांत येऊन अडते: बाय हाओ यिनझेन, म्हणजे बाजारातला सिल्व्हर नीडल, आणि बाय मूदान, म्हणजे व्हाइट पिओनी. दोन्ही फुजियान प्रांतातले, बहुधा फुदिंगचे नाहीतर झेंगहेचे, आणि बरेचदा एकाच जातीच्या झुडपांवरून खुडलेले. यिनझेनमध्ये नुसते कोंब, मूदानमध्ये कोंबासोबत एक-दोन कोवळी पानं. बाकी कृती सारखीच. कढईत परतणं नाही, मळणं नाही. दोन-तीन दिवस सावकाश सुकवायचं आणि मंद आचेवर कोरडं करायचं. माझ्याकडे दोन्ही डबे असतात, पण भराभर रिकामा होतो तो एकच.

आधी यिनझेनची बाजू, कारण चवीत तो कमी आहे असं कुणी समजू नये. चांगल्या यिनझेनच्या कपात पहिल्यांदा जाणवतो तो गोडवा: थोडा खरबुजाचा, थोडा वाळल्या गवताचा, कधी कोवळ्या काकडीचा. रंग जेमतेम फिकट पिवळा, पण घोट जिभेवर पेजेसारखा किंचित दाट लागतो. तुरटपणा जवळजवळ नाहीच. कपात बारीक पांढरे तंतू तरंगताना दिसले तर धूळ समजून ओतून देऊ नका, ती कोंबावरची लव आहे. फुदिंगचा यिनझेन मला जास्त हलका वाटतो, झेंगहेचा जरा भरीव. फुदिंगला उन्हात सुकवण्याची परंपरा, तर डोंगराळ झेंगहेत घरात, वाऱ्यावर जास्त वेळ सुकवण्याची. फरक बहुधा तिथूनच येत असावा.

मूदानमध्ये पानं आली की सगळंच थोडं मोकळं होतं. फुलांचा वास पुढे येतो, मागून ताज्या गवताचा, आणि तीच पानं पुन्हा भिजवत गेलं की तिसऱ्या-चौथ्या पाण्याला मधासारखं काहीतरी. रंग जास्त, अंग जास्त, आणि शेवटी हलकासा तुरटपणा. आयुष्यभर दुधाचा चहा प्यायलेल्या जिभेला हा तुरटपणा बरा वाटतो, निदान आपण चहाच पितोय याची खात्री पटते. आमच्याकडे पाहुण्यांना यिनझेन दिला तर ते भिडस्तपणे ‘छान आहे’ म्हणतात. मूदान दिला तर दुसरा कप मागतात.

आता ज्या गोष्टीने माझ्यापुरता निकाल लावला ती. यिनझेन भिजायलाच तयार नसतो. गायवानमध्ये, म्हणजे चहा भिजवायच्या झाकणाच्या चिनी वाटीत, गरम पाणी ओतलं की सगळ्या सुया वर येऊन आडव्या पडतात. लवीत हवा अडकलेली असते. झाकणाच्या कडेने खाली दाबाव्यात तर पुन्हा वर. कोंब घट्ट मिटलेला असतो, आणि मळलेला नसल्यामुळे त्याचा रस पृष्ठभागावर आलेला नसतो, तेव्हा पाण्याला आत शिरायला वेळ लागतो. अर्ध्या मिनिटात गाळलात तर कपात गरम पाणी आणि चहाची आठवण, एवढंच. मिनिटभर थांबलात तर काहीतरी येतं, पण खरी चव दुसऱ्या-तिसऱ्या पाण्याला. त्यात बऱ्याच पाकिटांवर 75–80 अंशांचं पाणी घ्या असं छापलेलं असतं. ग्रीन टीसाठी तो सल्ला ठीक आहे. यिनझेनला मात्र त्या पाण्यात ताटकळतच बसावं लागतं. मी 90–95 अंशांखाली जात नाही, आणि त्याने चव बिघडल्याचं मला कधी जाणवलेलं नाही.

रविवारी दुपारी हा सोहळा मजेचा असतो. सकाळी साडेआठला, एका हातात मोबाइल आणि शेजारच्या शेगडीवर हिंग-मोहरीची फोडणी तडतडत असताना, नाही. (फोडणीच्या वासापुढे यिनझेनचं खरबूज टिकत नाही, हे वेगळं.) मूदानची पातळ पानं लगेच ओली होतात, थोडी वाहतुकीत मोडलेलीही असतात, त्यामुळे पहिल्याच पाण्याला कप भरून चव मिळते. 110 मिलीच्या गायवानला 4–5 ग्रॅम, उकळी फुटून जरा शांत झालेलं पाणी, पहिल्यांदा 20 सेकंद, मग दर वेळी थोडं वाढवत जायचं. गायवान नसेल तर काचेच्या ग्लासात 2–3 ग्रॅम टाका, पाणी ओता, अर्धा प्या, पुन्हा भरा. पाच-सहा पाणी झाल्यावर तीच पानं छोट्या पातेल्यात उकळली तर शेवटचा एक कप निघतो, आणि तो मला कधीकधी पहिल्यापेक्षा आवडतो.

मूदानचाही एक त्रास आहे: तो पसरट. चमच्याने मोजायला गेलात तर एकदा फिका, एकदा कडक. छोटा वजनकाटा घ्या, विषय संपला. डब्याच्या तळाशी उरलेला चुरा मात्र वेगळा ठेवा. तो फार लवकर तुरट होतो.

पाण्याबद्दल थोडक्यात: टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी असेल तर दोन्ही चहा सारखेच मरगळलेले लागतील, मग महागड्याचा प्रश्नच मिटला. साठवणीबद्दलही. फुदिंगकडे म्हणतात की हा चहा पहिल्या वर्षी चहा, तिसऱ्या वर्षी औषध आणि सातव्या वर्षी खजिना. औषधाचं मी मनावर घेत नाही, पण जुना होताना चव गोड आणि गडद होते हे खरं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात मात्र हवाबंद डब्याशिवाय खजिना वगैरे काही नाही, कुबट वास तेवढा येईल. जुनाच प्यायचा असेल तर शौमेई या मोठ्या पानांच्या पांढऱ्या चहाची दाबलेली वडी बघा. ती उकळून प्यायची, खारकेसारखी लागते, आणि स्वस्तही असते.

खरेदी करताना नुसत्या ‘सिल्व्हर नीडल’ या नावावर जाऊ नका. निलगिरी, आसाम, दार्जिलिंगचे कोंबही अशाच नावांनी विकले जातात. ते वाईट नसतात, पण चव निराळी. पाकिटावर फुदिंग किंवा झेंगहे आणि खुडणीचं वर्ष बघा. मी जिथून घेतो तिथे यिनझेन मूदानच्या दुप्पट पडतो. ज्यांना अगदी हलकं आवडतं आणि थांबायला वेळ आहे त्यांनी तो जरूर घ्यावा, पण 25 ग्रॅमच. बाकीच्यांनी 50 ग्रॅम मूदान. चिनी मानकात मूदानच्या चार प्रती आहेत: विशेष, पहिली, दुसरी, तिसरी. विक्रेता आग्रहाने ‘विशेष’ पुढे करेल. तिच्यात कोंबच जास्त असतात, म्हणजे पैसेही जास्त आणि पुन्हा तेच तरंगणं. पहिली प्रत मागा.